नखं उमटली तर

इथल्या पोरांना पहिला धडा वाळूतच मिळतो :
ठशात नखं उमटली तर कुत्रा,
नाही उमटली तर मांजराच्या कुळातलं कुणीतरी,
मुकाट्यानं घरी या.

ईदमोहम्मद त्यावर मिशीत हसतो.
साठ वर्षं उंटांमागे हिंडून
या नियमाला पडलेलं भोक त्याला ठाऊक आहे.
यूज. म्हणजे चित्ता.
मांजराच्या घरी जन्मून
नखं म्यान न करणारा.

त्याच्या कुत्रीची जात ताजी.
आपल्याकडे हा शब्द भाकरीला लागतो,
भाजीला, जखमेला.
इथे तो लागतो खोल छातीला, मुठीएवढ्या कमरेला,
आणि हरिण दिसलं की
जमीन नको झालेल्या चार पायांना.
तिचं नाव परस्तू. पाकोळी.

तेराव्या वर्षी तिनं पाणी सोडलं.
पिकअपच्या मागच्या फळीवर आपला कोट अंथरून
त्यानं तिला शाहरूदला नेलं.

डॉक्टर मेहरंगीजच्या खोलीत
उजेडाच्या काचेवर दोन फिल्म लटकत होत्या.
दोन कणे, दोन बरगड्यांचे पिंजरे,
डोकी चौकटीबाहेर.
एक परस्तूची.
दुसरी, गुरुवारी रात्री मशहदच्या रस्त्यावर
ट्रकखाली आलेल्या मादीची.
"माझी कुठली?" त्यानं विचारलं.
डॉक्टरनं बोट उचललं
आणि ते क्षणभर
हवेतच राहिलं.

दोन रात्रींची झोप नव्हती तिला.
खुर्ची ओढून ती बोलत राहिली,
त्याच्याशी की स्वतःशी, कळेना :
हे बघा, कमरेचे मणके सात, इकडेही सात.
हा कणा धनुष्यासारखा वाकतो, सुटतो,
एका झेपेत दोनदा चारही पाय अधांतरी.
यांची गाठ शेवटची पडली
चार-साडेचार कोटी वर्षांपूर्वी,
मुंगसाएवढ्या कुणा झाडावरच्या जनावरात.
मग एक वाट कुत्र्यांकडे गेली, एक मांजरांकडे,
आणि इतकं लांब जाऊन दोघी
पुन्हा एकाच अंगकाठीच्या झाल्या.

"नात्यामुळे?"
"नाही. नातं असं तर मांजराचं आणि अस्वलाचंही आहे."

ईदमोहम्मद बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हरणानं केलं हे.
हिला माझ्या आज्या-पणज्यांनी निवडत आणलं,
तिला भुकेनं निवडलं,
पण पुढे पळत होतं ते हरिणच.
ज्याच्या मागे जन्मभर धावावं
त्याच्याच मापाचं अंग होतं.

डॉक्टरनं हे कुठे लिहून घेतलं नाही.
चहा थंड झाला होता, तोच प्यायली.

मग तो काचेजवळ गेला, अगदी नाक टेकेपर्यंत.
डावीकडच्या फिल्मवर नवव्या बरगडीला
एक गाठ होती, वाकडी सांधलेली.
"ही माझी.
पिल्लू होती तेव्हा उंटीणीनं लाथ घातली होती.
हळद-अंडं बांधून मीच बसवली ही,
जरा चुकलीच."

दुसरीला तेहरानला नेणार होते, बर्फाच्या पेटीत,
चार सह्या करून.
तिची मोडलेली बरगडी ओळखणारं
कुणी आलं नव्हतं.
जाताना त्यानं त्या फिल्मकडेही
मान लववली, पाहुण्याकडे लववतात तशी.

परस्तू पाच दिवसांनी गेली.

आता पहाटे तो टाक्यापाशी उंट मोजतो.
एकोणीस. पुन्हा एकोणीस.
काल ओल्या मातीत चार बोटं होती,
पुढे नखांचे चार टिंब,
स्वच्छ, रात्रीचेच.
धडा म्हणतो कुत्रा.
धड्यातलं भोक म्हणतं, कदाचित नाही.

त्यानं वाकून पाहिलं नाही.
दोन बोटं ओठांत घालून, सवयीनं,
शीळ घातली,
आणि उंटांनी तेवढ्या माना वर केल्या.